जुने वाहन तापते तेव्हा : शीतकरण यंत्रणेतील दोष कसा ओळखावा

उन्हाळा सुरू झाला की रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या जुन्या गाड्यांची संख्या वाढू लागते. तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेल्यावर बहुतेकांचा उपाय ठरलेला असतो. रेडिएटरमध्ये पाणी ओतायचे, जवळचे गॅरेज गाठायचे आणि तेथे सांगतील तो भाग बदलून घ्यायचा. कधी रेडिएटर बदलला जातो, तर कधी मेकॅनिक ज्याला ‘वॉटर बॉडी’ म्हणतात तो पाण्याचा पंप. आठवडाभरात गाडी पुन्हा तापते. इंजिन तापणे हे लक्षण आहे, रोग नव्हे. या एका लक्षणामागे डझनभर कारणे असू शकतात. परंतु ती सर्व एकाच परिस्थितीत प्रकट होत नाहीत. गाडी कोणत्या वेगाला, कोणत्या रस्त्यावर आणि सुरू केल्यापासून किती वेळाने तापते, एवढे नीट टिपले तरी एकही पाना न लावता निम्मे निदान होते.

सिल्वासा शहरातील डोकमर्डी हे ठिकाण या दृष्टीने उत्तम उदाहरण ठरते. गोव्याप्रमाणेच पोर्तुगीज अमलाखाली राहिलेल्या आणि १९५४ मध्ये मुक्त झालेल्या दादरा आणि नगर हवेलीचे हे मुख्य शहर दमणगंगेच्या काठी वसले आहे. येथून वापीकडे जाणारा रस्ता कारखान्यांच्या मालमोटारींनी गजबजलेला असतो, तर दक्षिणेला खानवेल आणि पुढे दुधनीकडे जाणारा रस्ता तुलनेने मोकळा, पण चढउताराचा आहे. ‘डीएन ०९’ पाटीच्या जुन्या गाड्यांना हे दोन्ही रस्ते परिचयाचे आहेत. एखादी गाडी वापीच्या वाटेवरील रांगेत तापते, पण खानवेलच्या वाटेवर नाही. दुसरीचे नेमके उलट होते. या दोन गाड्यांतील दोष सहसा एक नसतो. गोव्यातील वाचकांना हाच फरक पर्वरीची वाहतूककोंडी आणि चोर्ला किंवा अनमोड घाटातील चढण यांत अनुभवता येईल.

निदानाची घाई अथवा हेळसांड दोन्ही महागात पडतात. मारुती ८०० सारख्या गाडीतील इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे असते. ते काही मिनिटांच्या अतितापमानानेही वाकू शकते. मग हेड उतरवणे, लेथवर त्याचे फेसिंग करणे, नवे गॅस्केट बसवणे असा खर्च वाढत जातो. खासगी वाहनाच्या नोंदणीची मुदत १५ वर्षांची असते आणि त्यानंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. या वयाच्या गाडीची बाजारातील किंमत मुळातच कमी असते; त्यामुळे एका दुर्लक्षित पाइपमुळे उद्भवलेला इंजिनाचा खर्च गाडी भंगारात काढण्यास पुरेसा ठरतो. त्या गाडीवर ज्याचे पोट अवलंबून आहे, त्याच्यासाठी तर हा रोजगाराचा प्रश्न असतो.

उष्णता जाते कोठे?

इंधन जळून निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश चाकांना गती देण्याच्या कामी येते, एक तृतीयांश सायलेन्सरवाटे बाहेर पडते आणि उरलेली सुमारे एक तृतीयांश शीतकरण यंत्रणेला वाहून न्यावी लागते. पंप इंजिनाच्या पोकळ्यांतून कुलंट फिरवतो. तापलेले कुलंट वरच्या होज पाइपमधून रेडिएटरमध्ये येते, बारीक नळ्यांतून उतरताना हवेला उष्णता देते आणि खालच्या पाइपने पुन्हा इंजिनात जाते. या वाटेवर थर्मोस्टॅट नावाची झडप असते. इंजिन थंड असताना ती बंद राहते आणि साधारण ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला उघडू लागते. बहुतेक इंजिनांचे निरोगी तापमान ८५ ते १०० अंशांच्या दरम्यान असते. म्हणजेच इंजिन गरम असणे हा दोष नाही. ते ठरावीक तापमानावर स्थिर न राहणे हा दोष आहे.

रेडिएटरचे झाकण हा या यंत्रणेतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपेक्षित भाग. ते केवळ तोंड बंद करत नाही, तर आतला दाब राखते. साधे पाणी मोकळ्या भांड्यात १०० अंशांना उकळते; परंतु वातावरणाहून सुमारे १ बार अधिक दाब असेल तर ते १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाची स्प्रिंग किंवा रबर निकामी झाले की दाब टिकत नाही आणि बाकी सर्व भाग ठीक असूनही चढणीवर कुलंट उकळून बाहेर पडते. अशा वेळी नवा रेडिएटर बसवूनही जुने झाकण तसेच राहिले, तर त्रास कायम राहतो.

काटा खरे बोलतो का?

जुन्या वाहनात पहिली शंका तापमानाच्या काट्यावरच घ्यावी. काटा लाल पट्ट्यात आहे. पण वाफ नाही, वास नाही, कुलंट बाहेर आलेले नाही आणि वरचा पाइप नेहमीइतकाच तापला आहे, असे असेल तर सेन्सर, त्याची वायर किंवा अर्थिंग सदोष असू शकते. हेडलाइट लावताच काटा हलत असेल तर अर्थिंग तपासावे. बहुतेक जुन्या गाड्यांत सेन्सरची वायर काढल्यावर काटा खाली यायला हवा. तो वरच राहिला तर वायर कोठेतरी बॉडीला चिकटली आहे किंवा मीटर बिघडला आहे, असे समजावे. इन्फ्रारेड थर्मामीटरने थर्मोस्टॅटच्या घराजवळचे तापमान मोजले की शंका मिटते.

याच्या उलट प्रकार अधिक घातक आहे. कुलंट पूर्णपणे गळून गेले की सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन भाजत असतानाही काटा खाली येऊ शकतो. चढणीवर वर गेलेला काटा अचानक पडला, तर ती सुटकेची नव्हे, धोक्याची खूण मानावी.

गाडी केव्हा तापते?

निदानाचा गाभा या प्रश्नात आहे. पुढील परिस्थितींशी आपल्या गाडीचे वर्तन ताडून पाहावे.

कोंडीत तापते, वेग घेताच निवळते : दोष हवेच्या प्रवाहात आहे. वेगात असताना समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड करतो. थांबलेल्या गाडीला मात्र पंखाच लागतो. विजेवर चालणारा पंखा असेल तर गाडी उभी ठेवून इंजिन गरम होऊ द्यावे आणि पंखा आपोआप सुरू होतो का ते पाहावे. अनेक गाड्यांत एसी लावताच हा पंखा फिरतो. एसीबरोबर पंखा चालतो, पण तापमान वाढल्यावर चालत नाही, तर मोटर ठीक असून तापमानाचा स्विच किंवा त्याची वायर बिघडलेली असण्याची शक्यता मोठी. अजिबात फिरत नसेल तर फ्यूज, रिले आणि मोटर या क्रमाने तपासावे. बेल्टवर चालणाऱ्या पंख्याला क्लच असल्यास, गरम इंजिन बंद केल्यावर तो हाताने फिरवताना अडखळला पाहिजे. मोकळा भिरभिरला तर क्लच संपला आहे. पंख्याभोवतीचे प्लॅस्टिकचे आवरण तुटले असेल तरी हवा रेडिएटरमधून न खेचली जाता बाजूने निसटते.

कोंडीत ठीक, चढणीवर किंवा वेगात तापते : दोष कुलंटच्या प्रवाहात किंवा रेडिएटरच्या क्षमतेत आहे. क्षार साचून नळ्या बुजलेल्या असतात, जाळीत चिखल आणि कीटक अडकलेले असतात, पंपाची पाती झिजलेली असतात किंवा थर्मोस्टॅट अर्धाच उघडतो. खालचा पाइप जुना होऊन मऊ पडला असेल तर इंजिनाची गती वाढताच पंपाच्या ओढीने तो चपटा होतो आणि प्रवाह थांबतो. बॉनेट उघडून एकाने ॲक्सिलरेटर दाबला आणि दुसऱ्याने दुरून पाहिले की हे लगेच दिसते.

सुरू केल्यावर काही मिनिटांतच तापते : थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलेला असतो, यंत्रणेत हवा कोंडलेली असते किंवा कुलंटच नसते. इंजिन अतिशय तापले असूनही वरचा पाइप गरम, पण रेडिएटरचा तळ आणि खालचा पाइप थंडगार असतील, तर थर्मोस्टॅटचा संशय बळावतो. हेड गॅस्केट फुटल्यावरही असेच घडते.

तापमान वाढते आणि त्याच वेळी चार्जिंगचा लाल दिवा लागतो : अनेक जुन्या गाड्यांत पंप आणि डायनॅमो किंवा अल्टरनेटर एकाच बेल्टवर चालतात. हा बेल्ट तुटला किंवा घसरला असे समजून गाडी तत्काळ थांबवावी.

काटा सतत वर-खाली होतो : कुलंट कमी आहे किंवा त्यात हवेचे बुडबुडे फिरत आहेत.

इंजिन कधी गरमच होत नाही : थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे किंवा पूर्वीच्या कोणी तो काढून टाकला आहे.

थंड इंजिनाची तपासणी

पुढची पायरी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना उरकावी. आधी रेडिएटरचे झाकण उघडून पातळी पाहावी. केवळ बाजूच्या बाटलीवर विसंबू नये. पाइपमधून हवा शिरत असेल तर बाटली भरलेली असूनही रेडिएटर रिकामा असू शकतो. १८८६ च्या कार्ल बेन्झ यांच्या पहिल्या मोटारीत पाण्याची वाफ होऊनच इंजिन थंड होत असे. म्हणूनच १८८८ मध्ये बर्था बेन्झ यांना मॅनहाइम ते फोर्झहाइम प्रवासात जागोजागी पाणी भरावे लागले. आजची यंत्रणा बंदिस्त आहे. निरोगी गाडीत दर आठवड्याला पाणी घालावे लागत नाही. लागत असेल, तर ते गेले कोठे याचा शोध घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

गळतीच्या नेहमीच्या जागा ठरलेल्या आहेत : पाइपांच्या क्लिपा, रेडिएटरचे सांधे, हीटरच्या नळ्या आणि पंपाच्या पोटाशी असलेले बारीक छिद्र. या छिद्रातून थेंब पडू लागले की पंपाचे सील संपले, असे समजावे. पंपाची पुली हाताने हलवून खेळ जाणवला तर बेअरिंगही गेले आहे. वाळलेल्या कुलंटचे पांढरे, हिरवे किंवा गुलाबी डाग गळतीची वाट दाखवतात. गाडीत पायाशी ओलसरपणा आणि गोडसर वास येत असेल तर हीटरची जाळी गळत आहे.

पाइप दाबून पाहावेत. ते भेगाळलेले, फुगलेले किंवा स्पंजासारखे मऊ नसावेत. इंजिन निवल्यानंतर वरचा पाइप चपटा झालेला दिसला तर झाकणातील हवा आत घेणारी झडप चिकटली आहे. बेल्टला भेगा किंवा आतून चकाकी नसावी. दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यावर तो साधारण १० ते १२ मिलिमीटर दबावा. रेडिएटरची जाळी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, हलक्या धारेने धुवावी. जोरदार धारेने पातळ पट्ट्या वाकतात आणि हवेची वाट बंद होते.

रेडिएटर आतून बुजला आहे का, हे पाहण्यासाठी इंजिन गरम करून बंद करावे आणि थर्मामीटरने जाळीच्या निरनिराळ्या भागांचे तापमान मोजावे. मध्येच थंड पट्टे आढळले तर तेथील नळ्यांतून कुलंट जात नाही. विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, म्हणून हात दूर ठेवावा. तांबे-पितळेचे जुने रेडिएटर उघडून, नळ्यांत सळई घालून साफ करता येतात. प्लॅस्टिकच्या टाक्यांचे ॲल्युमिनियम रेडिएटर मात्र सहसा बदलावेच लागतात.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याची प्रथा

‘आपल्याकडे उष्णता मुळातच जास्त, मग थर्मोस्टॅट हवा कशाला?’ असे म्हणून तो काढून फेकण्याची पद्धत अनेक गॅरेजांत रूढ आहे. ती चुकीची आहे. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचते, इंधन जास्त पिते, तेलात गाळ साचतो आणि सिलिंडर लवकर झिजतात. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की तापलेल्या कुलंटचा काही भाग रेडिएटर टाळून थेट इंजिनात परततो आणि चढणीवर गाडी अधिकच तापते. थर्मोस्टॅटची परीक्षा सोपी आहे. भांड्यातील पाण्यात तो दोऱ्याने टांगून ठेवावा, पाणी तापवावे आणि त्यावर कोरलेल्या अंशांच्या जवळपास तो उघडतो का ते पाहावे. उकळत्या पाण्यातही उघडला नाही तर तो निकामी आहे.

हेड गॅस्केटची शंका

सर्वांत खर्चिक आणि सर्वांत घाईने काढला जाणारा निष्कर्ष हाच. गॅस्केट फुटले की ज्वलनकक्षातील वायू कुलंटमध्ये शिरतो किंवा कुलंट सिलिंडरमध्ये उतरते. बाहेर गळती नसताना पातळी सतत घटणे, गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहणे, थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटाभरातच वरचा पाइप दगडासारखा टणक होणे आणि उघड्या रेडिएटरच्या तोंडाशी न थांबणारे बुडबुडे येणे ही त्याची लक्षणे. बुडबुड्यांची ही तपासणी इंजिन पूर्ण थंड असतानाच सुरू करावी. डिपस्टिकवरील तेल दुधाळ झाले असेल तर इंजिन चालवूच नये.

केवळ तेलाच्या झाकणाखाली थोडा पांढरट थर दिसला, एवढ्यावर हेड उघडू नये. पावसाळ्यात जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत हवेतील दमटपणामुळेही तो साचतो. रेडिएटरच्या तोंडाशी धरायच्या निळ्या द्रवाची चाचणी उपलब्ध असते. ज्वलनाचा वायू असल्यास द्रव पिवळा होतो. ही चाचणी किंवा कॉम्प्रेशन मोजणी झाल्यावरच हेड उतरवण्यास संमती द्यावी. हेड उतरवलेच तर ते सपाट आहे का हे मोजून घ्यावे. वाकलेल्या हेडखाली घातलेले नवे गॅस्केट फार काळ टिकत नाही.

शीतकरणाबाहेरील कारणे

यंत्रणा निर्दोष आढळूनही गाडी तापत असेल तर उष्णता अधिक का निर्माण होते, हे पाहावे. चिकटलेले ब्रेक, घसरणारा क्लच, बुजलेला सायलेन्सर, उशिरा पडणारी ठिणगी, डिझेल पंपाचे चुकलेले टायमिंग आणि क्षमतेपेक्षा जास्त भार ही त्यांतील नेहमीची कारणे. एखादे चाक इतरांपेक्षा जास्त तापत असेल तर दोष ब्रेकमध्ये शोधावा.

पाणी की कुलंट?

‘आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कुलंट कशाला?’ हा प्रश्नही नेहमीचा. गोठण्यापासून संरक्षण हे कुलंटचे एकच काम नाही. त्यातील रसायने गंज रोखतात आणि पंपाचे सील जपतात. ग्लायकोलमुळे उत्कलनबिंदूही वाढतो. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातील क्षार तापलेल्या धातूवर थर धरतात आणि तो थर उष्णता अडवतो. म्हणून कुलंट शुद्ध पाण्यात, म्हणजे बॅटरीसाठी मिळणाऱ्या डिस्टिल्ड पाण्यात, मिसळावे. निम्मे-निम्मे हे सर्वसाधारण प्रमाण आहे. तयार मिश्रण असेल तर त्यात पाणी घालू नये. रंग सारखा आहे म्हणून दोन प्रकार एकत्र करू नयेत.

गळती थांबवण्यासाठी रेडिएटरमध्ये हळद टाकण्याची युक्ती जुने चालक जाणतात. आडरानात ती वेळ मारून नेऊ शकते. पण तीच हळद नंतर बारीक नळ्यांत बसते. घरी पोहोचताच गळतीची खरी दुरुस्ती करून यंत्रणा धुऊन घ्यावी. काढलेले जुने कुलंट उघड्यावर ओतू नये. त्यातील एथिलीन ग्लायकोल विषारी असून त्याच्या गोड चवीने कुत्री-मांजरे ते चाटतात. मुलांच्या हाती लागणार नाही अशा बंद डब्यातच ते ठेवावे.

रस्त्यात तापली तर

काटा वर सरकू लागताच एसी बंद करावा, हीटर आणि त्याचा पंखा पूर्ण उघडावा. आत बसणाऱ्यांना त्रास होईल. परंतु हीटर हा एक छोटा रेडिएटरच असतो. कोंडीत न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिनाची गती किंचित वाढवावी. काटा तरीही उतरला नाही, वाफ दिसली किंवा ताकद कमी झाली तर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे. ‘गॅरेज दोनच किलोमीटरवर आहे’ हा विचार अनेक इंजिनांचा घात करतो.

गरम रेडिएटरचे झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. दाब सुटताच आतले द्रव क्षणात उकळून चेहऱ्यावर आणि हातावर उसळते. या भाजण्याच्या जखमा गंभीर असतात. किमान अर्धा ते पाऊण तास थांबावे. वरचा पाइप हाताला थंड लागून मऊ झाल्यावर जाड फडके ठेवून झाकण आधी पहिल्या टप्प्यापर्यंतच फिरवावे. तापलेल्या इंजिनावर बाहेरून थंड पाणी ओतू नये आणि आतही एकदम भरू नये. धातूला तडा जाऊ शकतो. निवल्यानंतर इंजिन सुरू ठेवून थोडे थोडे पाणी घालावे. नंतर गाडीचे नाक किंचित उंच राहील अशी ती उभी करून, हीटर उघडा ठेवून, कोंडलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने निघून जाऊ द्यावी.

गॅरेजात काय सांगावे?

‘गाडी हीट होते’ एवढ्या वाक्यावर मेकॅनिकला अंदाजच बांधावा लागतो आणि अंदाजाचा खर्च मालकाच्या खिशातून जातो. त्याऐवजी एका वहीत चार गोष्टी टिपून न्याव्यात : कोणत्या वेगाला आणि रस्त्याला तापली, सुरू केल्यापासून किती वेळाने, त्या वेळी पंखा फिरत होता का आणि किती कुलंट कमी झाले. दुरुस्तीचा क्रमही स्वस्तापासून महागाकडे असावा : पातळी व गळती, झाकण, पाइप व बेल्ट, पंखा, थर्मोस्टॅट, रेडिएटर, पंप आणि सर्वांत शेवटी हेड. मात्र तेल दुधाळ झाले असेल किंवा थंड इंजिनात बुडबुडे येत असतील, तर थेट हेडच तपासावे. बदललेला जुना भाग मागून घ्यावा आणि तो कशामुळे निकामी झाला, हे विचारावे. दुरुस्तीनंतर गाडी ज्या रस्त्यावर तापत होती त्याच रस्त्यावर नेऊन पाहावी. खानवेलच्या वाटेवर तापणारी गाडी गॅरेजच्या दारात अर्धा तास थंड राहिली, म्हणून ती बरी झाली असे होत नाही.